लुत्फी मितवग्विश झाला

लुत्फी अब्दुल-गफ्फारला त्या शुक्रवारी बेनी सुएफला जायचं नव्हतं. खरं तर एवढीच गोष्ट. तिथे त्याचा मेहुणा अश्रफ कुवेतहून आला होता आणि अश्रफने घर बांधलं होतं. नवं घर बांधलेल्या माणसाकडे जेवायला जाण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, तो लुत्फीला नावं ठेवणार नाही. मागच्या खेपेला अश्रफने त्याला भर उन्हात गच्चीवर नेलं, पाण्याच्या टाकीत वाकायला लावलं आणि ‘तू पाणी खात्यातला माणूस, तूच सांग’ म्हणून टाकीवर त्याचं मत मागितलं. या खेपेला मैल्याची टाकी दाखवायची राहिली आहे, असं तहानी स्वतः सांगत होती, आणि तेही कौतुकाने.

सकाळी तहानी त्याच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करत होती. लुत्फी पलंगाच्या कडेला बसून एकेक सबब काढत होता.

“पोट बिघडलंय गं माझं.”

“आईकडे गेल्यावर बडीशेपेचा काढा देईल ती.”

“कंबरसुद्धा धरलीय.”

“ड्रायव्हरशेजारची जागा घेऊ तुला.”

“कचेरीतून बोलावणं आलं तर?”

“एरवी नळाला पाणी येत नाही तुमच्या, आणि शुक्रवारी बोलावणं येणार? ऊठ, दाढी कर.”

आता माणूस कोंडीत सापडला की त्याच्या तोंडून काय निघेल ते सांगता येत नाही. लुत्फी उठला, खिडकीशी गेला, बाहेर बघत राहिला आणि म्हणाला, “काय सांगू तहानी, मी सकाळपासून मितवग्विश आहे.”

इस्त्री जागच्या जागी थांबली.

हा शब्द साधा नाही. भीती म्हणावी तर भीतीला कारण असतं. दुःख म्हणावं तर दुःख घडून गेल्यावर होतं. बातमी वाटेत असते, दारापर्यंत आलेली नसते, आणि तरी काळजात काहीतरी चुकचुकत राहतं, हात कामाला लागत नाही, घास गिळवत नाही, त्याला मितवग्विश म्हणतात. हा शब्द आयांचा, बहिणींचा, म्हाताऱ्या आत्यांचा. पुरुषमाणूस तो उच्चारत नाही. पुरुषमाणूस फार तर ‘डोकं दुखतंय’ म्हणतो आणि चहा मागतो. त्यामुळे एखादा बाप्या जेव्हा मितवग्विश असल्याचं सांगतो, तेव्हा प्रकरण कबरस्तानापर्यंत जाणार असं सगळे धरून चालतात. लुत्फीने तोफ काढली होती, ती माशी मारायला.

दुसरं म्हणजे हा शब्द एकटा हिंडत नाही. मितवग्विश म्हटलं की ते कोणासाठी तरी असावं लागतं.

“कोणासाठी?” तहानीने विचारलं. तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

याचा विचार लुत्फीने केलाच नव्हता. पोरींचं नाव घेणं शक्य नव्हतं, असलं अभद्र कोण बोलेल! सासूचं नाव घेतलं असतं तर तहानी चालत बेनी सुएफला निघाली असती. क्षणभर त्याच्या जिभेवर अश्रफचं नाव आलं होतं, पण मग त्याला बघायला जावंच लागलं असतं. माणूस असा हवा होता जो दूर आहे, धडधाकट आहे, आणि ज्याच्यापर्यंत ही गोष्ट जन्मात पोचणार नाही.

“बाबांसाठी,” लुत्फी म्हणाला.

तहानी मटकन खाली बसली. शर्टातून धूर निघायला लागला तरी तिचं लक्ष नव्हतं.

कारण लुत्फी आणि त्याचा बाप यांच्यात आई गेल्यापासून बोलणं नव्हतं. आई गेली त्या दिवशी दुपारी हाजी अब्दुल-गफ्फारचा फोन आला होता, “तुझी आई तुझ्यासाठी मितवग्विश आहे, ये.” आई तर बाराही महिने कोणा ना कोणासाठी मितवग्विश असायची. लुत्फी म्हणाला, उद्या येतो. संध्याकाळी ती गेली. मग मातमाच्या, म्हणजे दुखवट्याच्या मांडवात, जिथे दाराशी घरचे पुरुष रांगेने उभे राहून लोकांचे हात हातात घेतात, तिथे हाजीने भर गावासमोर पोराला रांगेतून बाहेर काढलं. म्हणाला, “तू उद्या येणार होतास ना? उद्या ये.” त्या दिवसापासून लुत्फीने गावात पाऊल टाकलं नव्हतं, आणि हाजीने फोन उचलला नव्हता.

“इतकी वर्षं त्यांचं नाव नाही काढलंस,” तहानी डोळे पुसत म्हणाली, “आणि आज आपणहून! हे रक्त असतं रे. तुझ्या आईचं काळीज आलंय तुझ्यात. जळो ते बेनी सुएफ. आपण गावाला जाऊ.”

“अगं, गावाला कशाला? मी घरीच पडून राहीन म्हणतो...”

पण ती फोनला चिकटली होती. टांट्याला लुत्फीची बहीण नईमा असते, तिला तिने लावला. नईमाने ऐकलं आणि जी किंकाळी फोडली ती लुत्फीला खिडकीपाशी ऐकू आली. स्वप्नात दात पडला की घरातलं माणूस जातं म्हणतात, आणि तिला तसं स्वप्न परवाच पडलं होतं. “आणि मी वेडी, डेंटिस्टकडे गेले!” ती रडत म्हणाली.

नईमा तशी समजूतदार. तिने ठरवलं की म्हाताऱ्याला घाबरवायचं नाही. म्हणून तिने गावात बाबांच्या शेजारणीला, उम्म हाशिमला फोन केला, बाबा कसे आहेत ते सहज डोकावून बघ, पण काही बोलू नकोस, असं बजावून. उम्म हाशिमला ‘बोलू नकोस’ असं सांगणं म्हणजे मशिदीच्या कर्ण्यावरून सांगण्यासारखंच. तरी बिचारीने प्रयत्न केला. ती गेली तेव्हा हाजी कबुतरांच्या बुरुजाखाली बसून दाणे टाकत होता. सकाळचं घमेलंभर फूल, म्हणजे घेवड्याची उसळ, आणि तीन भाकरी त्याच्या पोटात होत्या.

“कसं आहे हाजी?” तिने विचारलं.

“का?”

“का म्हणजे? सहज.”

“तू सहज आलीस? गेल्या वेळी सहज आलीस तेव्हा माझी म्हैस कालव्यात पडली होती.”

“आता काय सांगू... तुम्हाला काही होत नाही ना? छातीत वगैरे? नाही, देवाच्या दयेने चेहरा तर चांगला दिसतोय. थोडा पिवळा आहे.”

“कोण काय बोललं?”

“कोणी नाही हो. तुमचा लुत्फी तेवढा मितवग्विश आहे, तुमच्यासाठी.”

हाजीच्या हातातले दाणे तसेच राहिले. लुत्फी? त्याचा लुत्फी? मग तो हळूच उठला, कबुतरांना उरलेले सगळे दाणे एकदम टाकले आणि म्हणाला, “मग झालंच.”

हाजी अब्दुल-गफ्फार कामाचा माणूस. कापूस वेचणीला आला की तो थांबत नसे, मग मरणाला कशाला थांबेल? त्याने अंघोळ केली. न्हाव्याला बोलावून दाढी केली. हजहून आणलेलं, झमझमच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं कफन पेटीतून काढून उशाशी ठेवलं. मांडववाल्याला निरोप धाडला, “आजच टाक. उद्या आठवड्याचा बाजार, गल्लीत जागा मिळत नाही.” मग पलंग किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेने फिरवून घेतला, उजव्या कुशीवर आडवा झाला, आणि आपल्या बाजूने सगळी तयारी झाली आहे अशा समाधानाने त्याने डोळे मिटले.

इकडे लुत्फी मिनीबसमध्ये, करपलेल्या शर्टावर कोट चढवून, घामाने निथळत बसला होता. अजूनही तो तोंड उघडून सांगू शकला असता. घरातून निघताना सांगणं थोडं अवघड होतं, स्टँडवर त्याहून अवघड, आणि आता तहानीने सगळ्या बसला सांगून टाकल्यावर अशक्य. मागची बाई रडायला लागली. ड्रायव्हरने गाणं बंद करून कुराणाची टेप लावली.

“वय किती होतं?” शेजारच्याने विचारलं.

“आहे,” लुत्फी म्हणाला.

“आहे, आहे. तसंच म्हणायचं असतं,” शेजारी म्हणाला आणि त्याचा हात थोपटत राहिला.

गावात पोचले तेव्हा मांडवाचं एक अंग उभं राहिलं होतं. मांडववाला खांबाला दोर आवळत होता. लुत्फीला बघून तो खाली आला, छातीवर हात ठेवला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “दार मशिदीकडे करू की कालव्याकडे? हाजींना विचारलं तर म्हणाले पोराला विचार.”

“अहो, पण ते जिवंत आहेत ना?”

“तर! आत्ताच मला ओरडले, कापड मळकं आणलं म्हणून.”

नईमा टांट्याहून येऊन पोचली होती, तिने भावाच्या गळ्यात पडून त्याचा कोट भिजवला. त्यात आणखी भर, बेनी सुएफहून तहानीचं अख्खं माहेर निघालं. बकरा कापून झाला होता, भात शिजला होता, जेवणारे दुसरीकडे रडायला गेले म्हटल्यावर त्यांनी पातेलीच्या पातेली गाडीत घातली आणि तेही आले. अश्रफने आत पाऊल टाकताच छताकडे पाहिलं, भिंतीवर टिचकी मारली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “ओल आहे,” तो लुत्फीच्या कानात म्हणाला. “सगळं उरकलं की मी बघतो.”

ज्याला चुकवायला एवढं केलं तो मेहुणा इथे भिंती ठोकत होता, आणि ज्याला तोंड दाखवायचं नव्हतं तो बाप पलीकडच्या खोलीत पडला होता. लुत्फीला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही.

गावच्या दवाखान्यातला तरुण डॉक्टर खोलीतून बाहेर आला आणि त्याला बाजूला घेऊन गेला.

“तुमच्या वडिलांना काहीही झालेलं नाही. नाडी माझ्यापेक्षा चांगली आहे.”

“अल्लाची कृपा.”

“थांबा. सकाळपासून त्यांनी पाण्याचा थेंब घेतलेला नाही. म्हणतात, अंघोळ झाली, वजू झालं, आता कशाला पोट भरायचं. हा उकाडा बघताय. या वयात असेच कोरडे पडून राहिले तर उद्यापर्यंत खरंच जातील. मी सांगितलं तर म्हणाले, तू पोर आहेस, माझ्या मुलाच्या काळजाला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तेव्हा आता तुम्हीच काय ते बोला.”

एका जेवणाच्या आमंत्रणापायी आपण बाप मारतो आहोत हे त्याला त्या अंगणात, पातेल्यांच्या वासात उभं असताना कळलं. तो आत गेला आणि दार लोटून घेतलं.

हाजी कुशीवर पडला होता, ओठ सुकलेले, डोळे मिटलेले. उशाशी कफनाची घडी होती.

“कोण?”

“मी, बाबा. लुत्फी.”

म्हाताऱ्याने डोळे न उघडताच पलंगाची कड थोपटली. मग म्हणाला, “बस. एक सांगायचं राहिलंय, ते सांगतो म्हणजे मोकळा झालो. त्या दिवशी तुझी आई मितवग्विश नव्हती.”

“म्हणजे?”

“वाटाणे सोलत बसली होती. मजेत होती. गाणं म्हणत होती. मितवग्विश मी होतो. तू तीन ईदा आला नव्हतास. आता बापानं फोन करून काय म्हणायचं, माझं काळीज चुकचुकतंय? लोक हसतील. म्हणून तिचं नाव घातलं. तू नाही आलास, आणि संध्याकाळी ती वाटाण्यांच्या टोपलीवरच कलंडली. जिवंत बाईच्या नावावर मी खोटी काळजी घातली रे. मला वाटलं, मीच ओढवून आणलं. ते स्वतःला म्हणता येईना, तेव्हा तुला रांगेतून बाहेर काढलं.”

बाहेर कोणीतरी कुराण म्हणणाऱ्यासाठी खुर्ची ओढत होतं. लुत्फीला वाटलं, आता गप्प बसलो तर आपल्यालाही मरताना असंच कोणाला तरी सांगत बसावं लागेल.

“बाबा, पाणी घ्या. तुम्हाला काही होत नाहीये. मी खोटं बोललो.”

“काय खोटं?”

“मितवग्विश वगैरे काही नव्हतो मी. मला अश्रफकडे जायचं नव्हतं. त्याचं घर बघायला. तहानीनं विचारलं कोणासाठी, तर कोणाचं तरी नाव घ्यायचं म्हणून तुमचं घेतलं.”

हाजीने डोळे उघडले. सबंध दिवसात पहिल्यांदा तो खरोखर मरायला टेकल्यासारखा दिसला.

“म्हणजे तुला काहीच वाटलं नव्हतं?”

“नाही, बाबा.”

“जराही?”

“नाही.”

“आणि मी सकाळपासून इथे...” हाजीने तोंड भिंतीकडे फिरवलं. “मी किती खूश होतो माहितीय तुला? म्हटलं, मेलो तर मेलो, पोराचं काळीज हललं आपल्यासाठी. जा आता. अश्रफकडे जेव जा. मला पडू दे.”

“अहो, पण आता मरायचं कारण नाही ना!”

“आधी कारण होतं म्हणून आनंदानं मरत होतो. आता कारण नाही, तसाच मरतो. जा.”

लुत्फीने पेला पुढे केला. म्हाताऱ्याने ओठ आवळून घेतले. त्याचा पातळ झालेला कान, मानेची सुरकुतलेली कातडी, चादरीबाहेर आलेलं पाऊल, त्यावरची सूज, हे सगळं लुत्फीला एकदम दिसलं. ही सूज कधीची? कोणी बघितली? ते पाऊल झाकायला तो वाकला आणि पेल्यातलं पाणी कफनावर सांडलं. बसवेना, उभं राहवेना.

“बाबा,” तो कसाबसा म्हणाला, “मला काहीतरी व्हायला लागलंय.”

“काय?”

“काय ते... छातीत. काहीतरी वाईट होणार असं.”

“कोणासाठी?” हाजीने भिंतीकडे बघतच विचारलं.

“तुमच्यासाठी हो! दुसरं आहे कोण इथे!” लुत्फी ओरडलाच.

हाजी वळला. त्याने पोराच्या तोंडाकडे निरखून पाहिलं, बाजारात म्हशीचे दात बघतात तसं. पांढरा पडलेला चेहरा, कपाळावरचा घाम, भिरभिरणारे डोळे. हळूहळू म्हातारा कोपरावर उठून बसला.

“हां,” तो म्हणाला. “हे खरं आहे. अगदी हेच तोंड करायची तुझी आई. आण ते पाणी.”

पेला रिकामा झाला, तांब्या रिकामा झाला, आणि मग हाजी म्हणाला की बाहेरून बकऱ्याचा वास येतो आहे.

तो बाहेर आला तेव्हा मांडवात जी पांगापांग झाली ती सांगून उपयोग नाही. नईमा बेशुद्ध पडली. सगळ्यांत पुढे बसलेले शेख मन्सूर डोळ्यांनी अधू, ते सवयीने उठले, समोर जो हात आला तो हातात घेतला आणि मातमात म्हणतात तसं म्हणाले, “त्यांचं राहिलेलं आयुष्य तुम्हाला लाभो.”

“लाभलं,” हाजी म्हणाला.

काही लोक उघड नाराज झाले. काम टाकून आलेले होते. एकजण तर हाजीलाच म्हणाला की गावाला असं उठवायचं म्हणजे काही जबाबदारी असते. पण भात होता, मटण होतं, आणि मांडवही होता, माणसं बसली. हाजी बोटं चाटून जेवला. मध्येच त्याने अश्रफला ओल दाखवायला बुरुजापाशी नेलं आणि कबुतरांच्या विष्ठेत घोट्यापर्यंत उभं करून त्याचं मत मागितलं. लुत्फी तेवढा पानाशी नुसता बसून होता.

उन्हं उतरल्यावर परतीची मिनीबस निघाली. हाजी दाराशी उभा राहून हात हलवत होता. तहानी खुशीत होती.

“आता तरी निवलं ना काळीज? डोळ्यांनी बघितलंस. तीन जणांचं जेवले ते.”

“हो.”

“मग तोंड का असं?”

“काही नाही गं.”

बस कालव्याच्या पुलावर आली. लुत्फीने घड्याळ बघितलं, खिडकी उघडली, बंद केली. पायाची सूज कोणी बघितली? रात्री पाणी हवं झालं तर? एवढं मटण त्या वयात?

“थांबवा!” तो ड्रायव्हरला म्हणाला.

“काय विसरलास?” तहानीने विचारलं.

तो उतरून चालायलाही लागला होता.

गावात शिरला तेव्हा इशाची, रात्रीच्या नमाजाची बांग होत होती. मांडव उतरला होता, गल्लीत कुत्री हाडं शोधत होती. बापाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत हाजी पुन्हा किब्ल्याकडे तोंड करून आडवा झालेला, आणि उशाखाली कफन.

“हे काय परत?” लुत्फी ओरडला. “आपलं ठरलं ना, मरायचं नाही म्हणून!”

“जेवायचं ठरलं होतं. जेवलो.” हाजीने एक डोळा उघडला. “सगळी गेली, घर गप्प झालं. म्हटलं, पलंग फिरवून ठेवलाच आहे तर पडावं. तू का आलास?”

“जात नाही हो ते. तुम्हाला बघितलं तरी जात नाही. बसमध्ये तर जास्तच झालं.”

“मग आता?”

“आता काय करायचं तेच विचारायला आलो. आई काय करायची?”

हाजी सरकला आणि पलंगावर जागा केली. लुत्फी कोटासकट त्याच्याशेजारी लवंडला.

“ती काही करायची नाही,” हाजी जांभई देत म्हणाला. “जन्मभर तशीच होती बिचारी. त्यानं माणूस मरत नाही. झोप तेवढी लागत नाही.”

एवढं बोलून त्याने कूस बदलली आणि तो घोरायला लागला. लुत्फी छताकडे बघत त्याचा श्वास ऐकत राहिला. मध्येच तो जरा अडखळला की हा उठून बसायचा, पुन्हा सुरू झाला की आडवा व्हायचा.